खुब्याच्या वाटीतले स्क्रू आणि कपाची सुरुवातीची पकड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली की घरात बहुतेक बोलणं बॉलबद्दल होतं : सिरॅमिकचा घ्यायचा की धातूचा, किती वर्षं टिकेल. वाटीकडे, म्हणजे कपाकडे, फारसं कुणी लक्ष देत नाही. कप हाडात पक्का बसणं ही मात्र त्या सगळ्याच्या आधीची गोष्ट आहे, आणि ती पहिल्या तीन महिन्यांत ठरते. रुग्ण आणि नातेवाईक जे प्रश्न विचारतात, आणि सांधेरोपण शिकणारे निवासी डॉक्टर जे विचारतात, ते इथे एकत्र घेतले आहेत. काही उत्तरं त्यामुळे जास्त तांत्रिक आहेत. ती वगळून पुढे वाचलंत तरी चालेल.

वाटीच्या जागी नेमकं काय बसवतात?

बिनसिमेंटच्या पद्धतीत दोन भाग असतात. बाहेरचा धातूचा अर्धगोल कप, ज्याला शेल म्हणतात, तो सहसा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा असतो. त्याची हाडाकडची बाजू खडबडीत आणि सच्छिद्र असते, कधी तिच्यावर हायड्रॉक्सीअपेटाइटचा, म्हणजे हाडातल्या खनिजासारख्या पदार्थाचा, थरही असतो. आत लायनर बसतो, बहुधा पॉलिथिलीनचा, काही वेळा सिरॅमिकचा. मांडीच्या हाडातल्या स्टेमवरचा बॉल या लायनरमध्ये फिरतो. स्क्रू शेलच्या छिद्रांतून कमरेच्या हाडात जातात आणि लायनर त्यांच्यावर बसतो, म्हणून शस्त्रक्रियेनंतर ते फक्त एक्स-रेमध्येच दिसतात.

सिमेंट नाही, मग कप टिकतो कशावर?

दोन टप्प्यांत. पहिला टप्पा यांत्रिक असतो. हाडाची वाटी रीमरने गोल कोरून घेतात आणि तिच्यापेक्षा किंचित मोठा कप ठोकून बसवतात. वाटी ५१ मिमीपर्यंत कोरली तर कप ५२चा, हाड मऊ असेल तर ५० कोरून ५२चा. दाबलं गेलेलं हाड कपाच्या कडेला घट्ट आवळतं. यालाच प्रेस-फिट म्हणतात. ही पकड मुख्यतः कडेची असते, तळाची नव्हे.

दुसरा टप्पा जैविक. कपाच्या छिद्रांमध्ये हाड वाढून शिरतं. साधारण ६ ते १२ आठवड्यांत ही गुंफण कामापुरती घट्ट होते आणि पुढे वर्षभर पक्की होत जाते. एकदा हाड आत शिरलं की प्रेस-फिटचं आणि स्क्रूंचं काम जवळजवळ संपतं. स्क्रूकडून अपेक्षा आहे ती या मधल्या काळापुरतीच.

मधल्या काळात कप थोडा हलला तर काय बिघडतं?

हलणं किती आहे यावर सगळं अवलंबून आहे. पाऊल टाकताना कप आणि हाड यांच्यात ४०-५० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी हालचाल होत असेल, तर हाड वाढू शकतं. ती १५० मायक्रॉनच्या पुढे गेली तर तिथे हाडाऐवजी तंतुमय ऊतक तयार होतं. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे दोन केसांच्या जाडीइतकी हालचाल कप कायमचा सैल राहायला पुरेशी आहे. तंतुमय थर एकदा जमला की पुढे कितीही विश्रांती घेतली तरी त्याचं सहसा हाड होत नाही. पहिल्या तीन महिन्यांवर एवढा भर देतात तो यासाठी.

आणि खुब्यावर भार किती येतो? साध्या चालण्यात शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट. अडखळून तोल गेला तर तो क्षणभर आठ पटींपर्यंत जाऊ शकतो. घरातल्या सुट्या चटया, ओली मोरी, उंबरा यांचा बंदोबस्त रुग्ण घरी यायच्या आधी करा.

स्क्रू प्रत्येकालाच लागतात का?

नाही. हाड चांगलं असेल, वाटी गोल कोरली गेली असेल आणि कप ठोकल्यावर घट्ट बसला असेल, तर एकही स्क्रू न लावणं योग्यच आहे. अशा रुग्णांत स्क्रू लावलेले आणि न लावलेले कप यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याच्या प्रमाणात ठळक फरक दिसलेला नाही. म्हणून ‘शेजारच्यांना तीन स्क्रू लावले, आम्हाला एकही नाही’ यात काळजीचं काही नाही.

उलट बाजूही स्पष्ट सांगायला हवी. प्रेस-फिट मुळात ढिलं असेल तर स्क्रू त्याची भरपाई करत नाहीत. स्क्रूंवर लोंबकळणारा कप ऑपरेशन टेबलावर घट्ट वाटतो आणि काही महिन्यांत स्क्रू वाकतात किंवा तुटतात. कप डळमळतो आहे असं दिसलं तर आधी बघायचं ते कोरणं : वाटी लंबगोल झाली आहे का, कप पुरेसा खोल गेला आहे का, मध्ये मऊ ऊतक अडकलं आहे का, एक माप मोठा कप बसेल का. स्क्रूचा विचार त्यानंतर.

मग कुणाच्या बाबतीत स्क्रू लावणं शहाणपणाचं?

जिथे हाडाची कड पूर्ण नाही किंवा हाड आवळून धरण्याइतकं सक्षम नाही, तिथे. जन्मतः उथळ वाटी असलेले रुग्ण, ज्यांच्यात कपाचा वरचा-बाहेरचा भाग हाडाविना उघडा राहतो. संधिवात किंवा दीर्घकाळच्या स्टिरॉइडमुळे ठिसूळ झालेलं हाड. वाटीचा तळ आत पोटाकडे ढकलला गेलेला असणं. वाटीच्या जुन्या अस्थिभंगानंतरचा खुबा. आणि जवळजवळ सगळ्या पुनर्शस्त्रक्रिया.

आपल्याकडचे दोन गट वेगळे सांगायला हवेत. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये, म्हणजे पाठीचा कणा आणि सांधे आखडवणाऱ्या संधिवातात, खुबा अनेकदा पूर्ण जुळून गेलेला असतो, रुग्ण तरुण असतो, पण वर्षानुवर्षं न वापरल्यामुळे हाड विरळ झालेलं असतं. तिथे वय बघून हाड चांगलं असेल असं गृहीत धरता येत नाही. दुसरा गट सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलमुळे खुब्याचं हाड मृत झालेले रुग्ण नेहमी भेटतात. त्यांचं हाड एका जागी दगडासारखं कठीण आणि शेजारीच मऊ असतं. रीमर कठीण भागावरून घसरून मऊ भागाकडे सरकतो, वाटी लंबगोल होते आणि कप तीन-चार ठिकाणीच टेकतो. इथे कोरताना घाई न करणं आणि स्क्रूची जोड देणं, दोन्ही लागतं.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ओटीपोटाला रेडिएशन घेतलेल्या स्त्रियांमध्ये हाडाची वाढून शिरण्याची ताकदच कमी झालेली असते. जुन्या धाटणीचे बिनसिमेंटचे कप त्यांच्यात मोठ्या प्रमाणात सैल झाले. आता अशा वेळी अतिसच्छिद्र धातूचे कप अनेक स्क्रूंसह किंवा आधाराच्या धातूच्या पिंजऱ्यासह वापरतात. रेडिएशन झालं असेल तर सर्जनला आधीच सांगा, ते वीस वर्षांपूर्वीचं असलं तरी.

किती स्क्रू आणि कोणत्या मापाचे?

पहिल्या शस्त्रक्रियेत लागलेच तर एक ते तीन, बहुतेकदा दोन. पुनर्शस्त्रक्रियेत चार-पाच किंवा जास्तही. स्क्रू ६.५ मिमी जाडीचे, स्पंजी हाडासाठी रुंद आट्यांचे, टायटॅनियम मिश्रधातूचे असतात. वरच्या-मागच्या भागात २५ ते ३५ मिमी लांबी सहज बसते, खालच्या-मागच्या भागात १५ ते २० मिमी.

स्क्रू त्याच कंपनीचे, त्याच कपासाठी बनवलेलेच हवेत. डोक्याचा गोलावा छिद्राच्या गोलाव्याशी जुळला नाही तर डोकं वर राहतं. स्टेनलेस स्टीलचा स्क्रू टायटॅनियमच्या कपात लावणं तर टाळायचंच, कारण दोन वेगळे धातू एकमेकांवर घासून गंज आणि झीज वाढते.

स्क्रू कुठे लावतात आणि कुठे अजिबात नाही?

वाटीचे चार भाग कल्पायचे. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक, जे उताणं झोपल्यावर हाताला लागतं, तिथून वाटीच्या केंद्रातून एक रेघ ओढायची. केंद्रातच तिला काटकोनात दुसरी. वासिलेव्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९०मध्ये मांडलेली ही विभागणी आजही जगभर वापरतात.

मागचा-वरचा भाग सर्वांत चांगला. इथे हाड खोल असतं, पकड उत्तम मिळते. मागचा-खालचा भागही चालतो, पण स्क्रू आखूड. या दोन्ही भागांमागे सायटिक नस आणि नितंबाच्या रक्तवाहिन्या असतात, म्हणून सायटिक खाचेत (ती नस जिथून बाहेर येते ती कमरेच्या हाडातली खाच) बोट ठेवून ड्रिलच्या टोकाचा अंदाज घेता येतो. मागच्या भागाचा हा मोठा फायदा आहे : धोका बोटाला जाणवतो.

पुढचे दोन भाग टाळायचे. पुढच्या-वरच्या भागाच्या मागे बाह्य इलियाक धमनी आणि शीर आहे, पुढच्या-खालच्या भागामागे ऑब्ट्युरेटर नस आणि वाहिन्या. इथे हाड पातळ, वाहिन्या हाडाला चिकटून, आणि बोट पोचत नाही. तिन्ही गोष्टी एकाच वेळी प्रतिकूल.

निवासी डॉक्टरांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. ही विभागणी कप नैसर्गिक जागी असताना खरी आहे. उथळ वाटीच्या रुग्णात कप नेहमीपेक्षा वर बसवला तर सुरक्षित क्षेत्र आक्रसतं आणि मागच्या भागांचाही फक्त कडेकडचा हिस्सा सुरक्षित उरतो. शिवाय अनेक छिद्रांचा कप हाडात किंचित फिरून बसला तर छिद्रांचा गट पुढे सरकतो. ठोकण्याआधीच छिद्रं मागे-वर येतील असा कप धरावा, नंतर तो फिरवण्याच्या नादात प्रेस-फिट जातं.

स्क्रू बसवण्याचा क्रम कसा असतो?

कप पूर्ण ठोकून झाल्यावर, मधल्या छिद्रातून तळ दिसतो का हे बघितल्यावरच स्क्रूला हात घालायचा. लवचीक दांड्याचं ड्रिल गाइडमधून, छिद्राच्या मधोमध धरून घालायचं. अनेक संचांत ड्रिल ३.२ मिमीचं असतं. ड्रिल कडेला टेकलं तर स्क्रू तिरका जातो आणि त्याचं डोकं पूर्ण बुडत नाही. दाब देऊन एका दमात न कोरता, थांबत थांबत, टोकाची जाणीव घेत पुढे जायचं. समोरचं कठीण कवच लागलं की प्रतिकार बदलतो. ते कवच ओलांडल्याने पकड वाढते खरी, पण बहुतेक रुग्णांत त्याची गरज नसते आणि धोका मात्र लगेच वाढतो.

मग डेप्थ गेजने खोली मोजायची. गेजचा आकडा आणि बोटाचा अंदाज जुळत नसेल तर स्क्रू आखूड घ्यायचा. पहिला स्क्रू पूर्ण आवळायचा नाही, दुसरा बसेपर्यंत थोडा बाकी ठेवायचा, आणि मग आळीपाळीने दोन्ही. एकच स्क्रू जोरात आवळला तर कपाची ती बाजू हाडाकडे ओढली जाते आणि समोरची बाजू उचलली जाते. ही चूक वारंवार होते आणि बाहेरून दिसत नाही. ठिसूळ हाडात जास्त पीळ दिला तर आटे हाडातच फिरून मोकळे होतात. असा स्क्रू ठेवण्यापेक्षा दुसरं छिद्र निवडावं.

शेवटी प्रत्येक डोक्यावरून बोट फिरवायचं. डोकं कपाच्या आतल्या पृष्ठभागाच्या खाली गेलेलं हवं. अर्धा मिलिमीटर जरी वर राहिलं तरी लायनर नीट अडकत नाही, आणि पुढे तो सुटून निघू शकतो किंवा मागून झिजतो.

पकड पुरेशी आहे हे टेबलावर कसं ओळखतात?

कप ज्या दांड्याने ठोकतात तोच दांडा हलवून बघतात. कप आणि कंबर एकत्र हलली तर पकड चांगली. दांडा हलतो आणि कंबर हलत नाही, किंवा कपाच्या कडेतून रक्ताचे बुडबुडे येतात, तर कप हलतो आहे. ठोकण्याचा आवाजही बदलतो : पोकळ आवाज जाऊन भरीव येतो. अनुभवी सर्जन आवाज ऐकतात, पण त्यावरच भरवसा ठेवत नाहीत, कारण अतिकठीण हाडात कप पूर्ण खाली जायच्या आधीच तसा आवाज येतो.

कप ठोकताना हाड तडकू शकतं का?

हो. वय जास्त, हाड ठिसूळ आणि कप कोरलेल्या वाटीपेक्षा २ मिमी किंवा त्याहून मोठा असेल तेव्हा धोका वाढतो. ठोकताना अचानक कप सहज आत सरकला किंवा आधी घट्ट असलेला कप ढिला वाटू लागला, तर तडा गेल्याची शंका घ्यायची आणि कप काढून बघायचं. तडा छोटा आणि कप स्थिर असेल तर स्क्रूची जोड देऊन काही आठवडे कमी भार पुरतो. वाटीमागचा हाडाचा जाड खांब तुटला असेल तर आधी प्लेट लावून तो जोडावा लागतो, मगच कप.

स्क्रूमुळे रक्तवाहिनीला इजा झाली तर?

हे क्वचित घडतं, पण घडलं तर जीवावर बेततं. फसवणारी गोष्ट ही की रक्त जखमेत दिसेलच असं नाही. ते ओटीपोटात आत साचतं. जखम कोरडी आणि रक्तदाब मात्र घसरत चालला आहे, अशी जोडी दिसली की भूलतज्ज्ञांना लगेच सांगायचं, रक्त मागवायचं आणि रक्तवाहिन्यांच्या सर्जनला बोलवायचं. घाईने स्क्रू काढणं टाळावं, कधीकधी त्यानेच भोक दाबून धरलेलं असतं.

स्क्रूच्या छिद्रांचा पुढे काही तोटा?

होता, आज बराच कमी झाला आहे. १९८०च्या दशकातल्या हॅरिस-गॅलांटे कपात वाटी कपाच्याच मापाची कोरायची आणि अनेक स्क्रूंनी कप धरायचा अशी पद्धत होती. धातूचा कप हाडात उत्तम टिकला. बिघडलं ते आत : त्या काळचं पॉलिथिलीन झिजायचं, लायनरची अडकण कमकुवत होती, आणि झिजलेले सूक्ष्म कण छिद्रांतून मागच्या हाडात जाऊन हाड विरघळवायचे. दोष एकट्या छिद्रांचा नव्हता. १९९०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या, जास्त क्रॉस-लिंक केलेल्या पॉलिथिलीनने झीज खूपच घटली आणि हा प्रश्न मागे पडला. तरीही हाड चांगलं असेल तर कमी छिद्रांचा कप निवडणं आम्हाला अधिक पटतं. न वापरलेली छिद्रं बंद करायला काही कपांसोबत झाकणं मिळतात.

एक्स-रेमध्ये कपाच्या मागे काळी फट दिसते. कप सैल आहे का?

शस्त्रक्रियेनंतर लगेचच्या एक्स-रेत तळाशी एक-दोन मिमीची फट अनेकदा दिसते. कप कडेने आवळला गेल्याची ती खूण असते आणि सहसा वर्षभरात हाडाने भरते. काळजीची फट वेगळी : आधी नव्हती आणि नंतर आली, किंवा वाढत गेली, किंवा कपाभोवती सलग पसरली.

म्हणून एकट्या एक्स-रेवरून निष्कर्ष काढू नये. पहिला एक्स-रे, सहा आठवड्यांचा, तीन महिन्यांचा आणि वर्षाचा, हे शेजारी ठेवून बघावे लागतात, आणि ते शक्यतो एकाच पद्धतीने काढलेले हवेत. कपाचा कोन ५ अंशांहून जास्त बदलला किंवा कप २-३ मिमी सरकला तर तो सैल मानतात. संशोधनात वापरली जाणारी आरएसए नावाची (दोन एक्स-रे एकाच वेळी काढून मोजण्याची) पद्धत याहून कितीतरी सूक्ष्म मोजते. तिच्यानुसार एखाद्या प्रकारचे कप दोन वर्षांत सरासरी ०.२ मिमीपर्यंत वर सरकले तर ते स्वीकारार्ह, १ मिमी किंवा जास्त सरकले तर नाही.

चालायला कधी आणि किती भार टाकायचा?

साध्या पहिल्या शस्त्रक्रियेत, पकड चांगली असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन पूर्ण भार. स्क्रू लावले म्हणून जास्त जपायचं किंवा लावले नाहीत म्हणून जास्त जपायचं, असं काही नसतं. हाडाचा दोष मोठा असेल, हाड तडकलं असेल किंवा पुनर्शस्त्रक्रिया असेल तर ६ ते १२ आठवडे अर्धवट भार सांगतात. हा निर्णय टेबलावर काय दिसलं यावरून होतो, म्हणून डिस्चार्जच्या कागदावर तो लिहून मागा. ‘हळूहळू चाला’ एवढं पुरेसं नाही. किती भार, कोणत्या आधाराने, कधीपर्यंत, तिन्ही हवं.

जमिनीवर मांडी घालून बसणं, भारतीय संडास?

पहिले तीन महिने नाही. सांधा निखळण्याची भीती सर्वांना माहीत असते, पण दुसरं कारणही आहे. खुबा खूप वाकवला की स्टेमची मान कपाच्या कडेवर टेकते आणि कपाला कडेने उचकटणारा जोर लावते. हाड अजून आत शिरलेलं नसताना हा जोर नको. कमोड किंवा संडासावर ठेवायची उंच खुर्ची, पलंग, आणि जेवायला टेबल, एवढी सोय शस्त्रक्रियेच्या आधीच करून ठेवा. तीन महिन्यांनंतर काय चालेल हे बॉलचं माप, कपाचा कोन आणि स्नायूंची ताकद बघून सर्जन सांगतील.

औषधं आणि तंबाखूचा परिणाम होतो का?

होतो. इंडोमेथासिनसारखी वेदनाशामकं हाडाची वाढ मंदावतात. डॉक्टर ती काही रुग्णांना मुद्दाम, ठरावीक दिवसांसाठी देतात, कारण स्नायूंत नको तिथे हाड धरू नये. दुकानातून आणून महिनोन्‌महिने घेणं ही वेगळी गोष्ट. स्टिरॉइड मात्र मनाने बंद करू नका, तेही धोक्याचं आहे.

तंबाखू म्हणजे फक्त सिगारेट-बिडी नाही. मिश्री, गुटखा, चुना-तंबाखू सगळ्यांत निकोटीन असतं आणि ते हाडाचा रक्तपुरवठा कमी करतं. ‘ओढत नाही’ असं सांगणाऱ्या आजी रोज सकाळी मिश्री लावतात हे अनेकदा कुणी विचारतच नाही. शस्त्रक्रियेच्या किमान महिनाभर आधी बंद आणि नंतर तीन महिने बंदच.

जांघेत दुखतंय. स्क्रू टोचतोय का?

शक्य आहे, पण यादीत तो बराच खाली आहे. पाऊल टाकताच जांघेत कळ आणि चालताना वाढत जाणारं दुखणं कपाच्या सैलपणाकडे बोट दाखवतं. पाय सरळ उचलताना किंवा गाडीत पाय घेताना दुखत असेल तर कपाची पुढची कड किंवा पुढे आलेला स्क्रू सोआस या मांडी वर उचलणाऱ्या स्नायूला घासत असू शकतो. सीटी स्कॅनमध्ये ते कळतं. पायात मुंग्या, पाऊल उचलता न येणं ही नसेची लक्षणं असतात, त्यासाठी थांबायचं नाही.

कप लवकर सैल होत असेल तर जंतुसंसर्ग नाही ना, हे आधी बघितलंच पाहिजे : ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या, आणि गरज पडली तर सांध्यातलं पाणी काढून तपासणी. ही तपासणी व्हायच्या आधी अँटिबायोटिक सुरू करू नका, जंतू सापडणं अवघड होतं.

एक्स-रेत स्क्रू तुटलेला दिसतो. लगेच ऑपरेशन?

स्क्रू स्वतःहून तुटत नाही. कप हलत राहिला की धातू थकून तुटतो, म्हणून तुटलेला स्क्रू दिसला की प्रश्न कपाचा विचारायचा. कप सरकला असेल आणि दुखत असेल तर पुनर्शस्त्रक्रिया. कप जागच्या जागी, आधीच्या सर्व एक्स-रेंत सारखा आणि दुखणं नाही, तर ठरावीक काळाने पाहणी पुरते.

पुनर्शस्त्रक्रियेत स्क्रूंची भूमिका वेगळी असते का?

खूपच. तिथे कड शाबूत नसते, त्यामुळे प्रेस-फिट अपुरं पडतं आणि स्क्रूंवर खरोखर भार येतो. सगळे स्क्रू वरच्या बाजूला लावले तर कप बाहेरच्या दिशेने उघडत जातो. त्याला रोखायला खाली, बैठकीच्या हाडात किंवा जघनास्थीत, निदान एक स्क्रू हवा. हे स्क्रू बसवायला अवघड असतात आणि म्हणूनच राहून जातात. हाड किती गेलं आहे हे पाप्रोस्की वर्गीकरणाने ठरवतात आणि त्यानुसार मोठा कप, धातूचे पूरक तुकडे किंवा पिंजरा निवडतात.

नंतर स्क्रू काढावे लागतात का? एमआरआय, विमानतळ?

काढत नाहीत. टायटॅनियम असल्याने एमआरआय करता येतो, फक्त तंत्रज्ञांना आधी सांगा. विमानतळावर यंत्र वाजू शकतं. हाताने तपासणी होते आणि सोडतात.

फाइलमध्ये काय जपून ठेवायचं?

कप, लायनर, बॉल, स्टेम आणि प्रत्येक स्क्रूच्या खोक्यावरचे स्टिकर. त्यांवर कंपनी, माप, कॅटलॉग क्रमांक आणि लॉट क्रमांक असतो. २०१०मध्ये एएसआर हा धातूवर धातूचा कप जगभरातून परत बोलावला गेला, तेव्हा आपल्या खुब्यात तोच आहे का हे अनेकांना कागद शोधूनच कळणार होतं. दहा वर्षांनी फक्त लायनर बदलायची वेळ आली तर मूळ शेलचं नाव आणि माप कळल्याशिवाय जुळणारा लायनर मागवता येत नाही, आणि मग चांगला बसलेला कपही काढावा लागू शकतो. स्टिकरच्या पानाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा, आणि शस्त्रक्रियेनंतरचा पहिला एक्स-रे सीडीवर मागून घ्या.